खाणं बदलणं थांबवा, आधी शी तपासून घ्या

वाचकाचं पत्र:

"जुलैच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये मांजरीचं एक पिल्लू सापडलं. आई कुठे दिसली नाही म्हणून घरी आणलं. डॉक्टरांनी दात बघून सात आठवड्यांचं सांगितलं, जंताचं औषधही पाजलं. आता ती दहा आठवड्यांची आहे. नाव चिंगी. आल्यापासून तिची शी पातळच आहे, दिवसातून चार-पाच वेळा, कधी शेंबडासारखं चिकट काहीतरी दिसतं. खेळते, खाते, पण वजन साडेसातशे ग्रॅमवर अडकलंय. आधी दूध-पोळी दिली, मग पाणी घातलेलं दूध, मग लहान बाळांचं सीरियल, मग चार दिवस पिल्लांचं ड्राय फूड. त्याने फरक पडेना म्हणून दुकानदाराने 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं दुसरं पाकीट दिलं. सध्या सकाळी ते आणि रात्री दहीभात. घर शाकाहारी आहे. सासूबाईंना स्वयंपाकघरात चिकन चालत नाही आणि त्यांच्या गावी मांजरं दूध-पोळीवरच वाढली, असं त्या म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात, एक दिवस उपाशी ठेवा किंवा जुलाबाची पाव गोळी द्या. माझी सहा वर्षांची मुलगी दिवसभर चिंगीला घेऊन असते. नेमकं कुठलं खाणं आणू?"
— एक वाचक, सांगली

ताई,

आत्ता नवीन काहीही आणू नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच की तीन आठवड्यांत चिंगीच्या पोटात अर्धा डझन प्रकारचं खाणं गेलंय. यात तुमचा दोष नाही. पिल्लाला त्रास होताना दिसला की प्रत्येक माणूस हेच करतो, कारण वाटी बदलणं तेवढंच आपल्या हातात असतं. पण पिल्लाच्या आतड्याला आणि तिथल्या जिवाणूंना नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला आठवडा-दहा दिवस लागतात. ते जुळायच्या आत खाणं बदललं की नुसत्या बदलानेही शी पातळ होते. म्हणजे चार दिवसांत "हे मानवलं नाही" म्हणून जे पाकीट तुम्ही बाजूला ठेवलंत, त्याची खरी परीक्षा झालीच नव्हती.

शिवाय चिंगीचं पोट "नाजूक" आहे हे अजून ठरलेलंच नाही. रस्त्यावरून आलेल्या, तीन आठवडे पातळ शी असलेल्या, खाऊनही वजन न वाढणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत माझा पहिला संशय खाण्यावर जात नाही, जंतांवर जातो. दहा आठवड्यांच्या पिल्लाचं वजन साधारण एक किलोच्या आसपास असायला हवं आणि दर आठवड्याला 80 ते 100 ग्रॅमने वाढायला हवं. चिंगी खाते आहे आणि तरी अडकली आहे. तिचं खाणं दुसरंच कोणी खात असेल, हे आधी बघायला हवं.

जंताचं औषध पाजलंय, असं तुम्ही लिहिलंत. एकदाच पाजलं असेल तर ते पुरत नाही. पिल्लांना गोलकृमी बहुतेक वेळा आईच्या दुधातूनच मिळतात. मांजरीच्या शरीरात दडून बसलेल्या अळ्या दुधात उतरतात आणि पिल्लू डोळे उघडायच्या आधीच त्याच्या पोटात जातात. औषध मारतं ते आतड्यात असलेल्या जंतांना. शरीरात इतरत्र फिरत असलेल्या अळ्या त्या दिवशी वाचतात आणि पुढच्या आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणूनच पिल्लांना तीन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी औषध देतात, दूध सुटल्यानंतरही एक-दोनदा, आणि मग सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्यातून एकदा. चिंगीचा दुसरा डोस राहिला असणार. तो डॉक्टरांकडे वजन करूनच द्या. साडेसातशे ग्रॅमच्या जिवाला अंदाजाने औषध द्यायचं नसतं.

अंगावर पिसवा आहेत का, तेही बघा. मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून पाहिलं की कळतं. काळे बारीक कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर टेका. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा. चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो आणि मग शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसतात. पट्टकृमीचं औषध वेगळं असतं, म्हणून दिसलं तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. आणि एक कळकळीने सांगते: कुत्र्यांचं पिसवांचं औषध चिंगीला कधीही लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजरांचा जीव घेतं.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. शीची तपासणी करून घ्या. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे दोन सूक्ष्म परजीवी रस्त्यावरच्या पिल्लांमध्ये नेहमी सापडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, दिसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली. आणि जंताच्या साध्या औषधाने ते बरे होत नाहीत. तुम्ही लिहिलेला शेंबडासारखा चिकटपणा आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी शी हे मोठ्या आतड्याला सूज असल्याचं लक्षण आहे, आणि या परजीवींमध्ये ते दिसू शकतं. सकाळची ताजी शी, चमचाभर, स्वच्छ कोरड्या डबीत घ्या, लिटरची, म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेमधली, माती शक्यतो लागू देऊ नका आणि दोन-तीन तासांत पोहोचवा. ते जमणार नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. जिआर्डिया रोजच्या शीत उतरतोच असं नाही. म्हणून पहिला रिपोर्ट स्वच्छ आला तरी दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यायची तयारी ठेवा. खाजगी दवाखान्यात ही सोय नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. गाई-म्हशींच्या रांगेत मांजराचं पिल्लू घेऊन उभं राहायला लोक संकोचतात. संकोचू नका.

आता काकूंचे सल्ले. त्यांचा हेतू चांगला आहे, पण दोन्ही सल्ले चिंगीला धोक्याचे आहेत. लंघन मोठ्या माणसाला मानवतं, पिल्लाला नाही. एवढ्या लहान शरीरात साखरेचा साठा जवळजवळ नसतोच. काही तास पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते, पिल्लू थंड पडतं, लुळं होतं. जुलाब होत असले तरी तिला थोडं थोडं, वेळच्या वेळी खायला मिळालंच पाहिजे. आणि माणसांची कुठलीही गोळी नको, पाव नको, चिमूटभरही नको. पॅरासिटामॉल तर मांजरांना थेट विष आहे, एक गोळी मोठ्या मांजरालाही मारू शकते. ओवा, हिंग, आल्याचा रस यांचीही गरज नाही. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, त्याने मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

चिंगी खेळते, खाते, म्हणून तिची तपासणी एक-दोन दिवसांत झाली तरी चालेल. पण पुढची लक्षणं दिसली तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. दोनापेक्षा जास्त उलट्या, शीत रक्त किंवा काळी डांबरासारखी शी, सलग दोन-तीन वेळचं खाणं नाकारणं, कोपऱ्यात मान टाकून बसणं, अंग गरम किंवा उलट थंडगार लागणं. मांजरांचा पार्वो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार, असाच सुरू होतो आणि लस न झालेल्या पिल्लाला तो दोन-तीन दिवसांत नेतो. अंगातलं पाणी कमी झालंय का हे घरी ओळखता येतं. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच जागेवर गेली पाहिजे. हिरडीला बोट लावा, ती ओलसर, बुळबुळीत लागली पाहिजे. कोरडी, चिकट लागली तर लगेच दवाखाना.

सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरात एकमत नसेल तर वाटीत दोन प्रकारचं खाणं पडत राहील आणि चिंगी बरी होणार नाही.

त्या म्हणतात ते खोटं नाही. गावाकडच्या मांजरांना दूध-पोळीच मिळायची, आणि ती जगायची. पण ती त्या दूध-पोळीवर जगत नव्हती. ती जगत होती कणगीतल्या उंदरांवर, माळ्यावरच्या पालींवर, अंगणातल्या चिमण्यांवर. एका उंदरात मांजराला लागणारं सगळं असतं: मांस, काळीज, आतडी आणि कॅल्शियमसाठी हाडंसुद्धा. दूध ही वरची चैन होती. तुमच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाही. चिंगीच्या वाटीत जे पडेल तेवढंच तिच्या अंगाला मिळणार आहे. हे सासूबाईंना सांगून बघा. त्यांनी ती मांजरं डोळ्यांनी पाहिलेली आहेत, त्यांना ते पटेल असं मला वाटतं.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. आईचं दूध सुटायला लागलं की, म्हणजे चौथ्या ते आठव्या आठवड्यापासून पुढे, ते कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. पाणी घातल्याने साखर पातळ होते, नाहीशी होत नाही. म्हशीच्या दुधात वरून स्निग्धांशही भरपूर. दह्यात लॅक्टोज कमी असतं हे खरं, पण दहीभातात चिंगीच्या उपयोगाचं फार थोडं आहे. मांजराच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर नसतंच आणि स्वादुपिंडातही कमी असतं. भात, पोळी, सीरियल यांनी पोट भरतं आणि पिल्लू उपाशीच राहतं.

शाकाहाराचा प्रश्न अवघड आहे आणि मी त्याला वळसा घालणार नाही. मांजराला शाकाहारी करता येत नाही. कुत्रा, माणूस मिश्र आहारावर निभावतात, मांजराचं शरीर त्यासाठी बनलेलंच नाही. गाजरातल्या कॅरोटिनपासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही, तिला ते तयार स्वरूपात, प्राणिज पदार्थांतूनच लागतं. टॉरिन नावाचं द्रव्य तिचं शरीर पुरेसं तयार करत नाही आणि धान्य-भाजीत ते जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांच्या हृदयाचे स्नायू कमकुवत होण्यामागेही टॉरिनची कमतरताच होती, आणि ते दिल्यावर कित्येक मांजरं सुधारली. त्या मांजरांपैकी अनेक जणी विकतचंच खाणं खात होत्या. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं.

तुमच्यासाठी यातली सोयीची बाजू अशी की यासाठी घरात चिकन शिजवायची गरज नाही. उलट नुसतं उकडलेलं चिकन रोज देणंही पिल्लाला घातक आहे, हे मांसाहारी घरांतल्या वाचकांनीही लक्षात घ्यावं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. काही आठवडे फक्त हाडं काढलेलं मांस खाल्लेल्या पिल्लाची हाडं इतकी मऊ होतात की खुर्चीवरून उडी मारली तरी मोडतात. दोन-तीन दिवस पथ्य म्हणून, बिनमिठाचं, ते ठीक आहे. रोजचं खाणं म्हणून नाही. तुमच्या घरी पाकिटातलं पिल्लांचं खाणंच योग्य. त्याला गॅस लागत नाही, कढई लागत नाही. चिंगीची वाटी, चमचा वेगळा ठेवा, जागा बाल्कनीत किंवा बाथरूमजवळ ठरवा, धुवायची घासणीही वेगळी. सासूबाईंचं सोवळं आणि चिंगीचं पोट दोन्ही सांभाळता येईल.

आता पाकीट कुठलं? तुमच्याकडे चार दिवस वापरून ठेवलेलं पिल्लांचं जे ड्राय फूड आहे, तेच बाहेर काढा. त्यावर तीन गोष्टी बघा: ते पिल्लांसाठी किंवा वाढीच्या वयासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं, ते संपूर्ण आहार आहे असा उल्लेख, आणि प्रथिनं 30 टक्क्यांच्या वर. मुदत संपलेली नसावी. दुकानदाराने दिलेलं 'सेन्सिटिव्ह' पाकीटही उलटून वाचा. अशी बरीच पाकिटं एक वर्षावरच्या मोठ्या मांजरांसाठी असतात, त्यातलं पोषण वाढत्या पिल्लाला कमी पडतं. 'सेन्सिटिव्ह' या शब्दाला ठरलेलं मोजमापही नाही, प्रत्येक कंपनी त्यात आपापलं काहीतरी करते. 'ग्रेन फ्री' लिहिलेल्या महागड्या पाकिटाच्याही मागे लागू नका. मांजरांना खाण्याची ॲलर्जी असलीच तर ती बहुतेक वेळा बीफ, मासे, चिकन अशा प्रथिनांची निघते, धान्याची क्वचित. सुटं, किलोवर मोजून मिळणारं खाणं मात्र कधीच घेऊ नका. ते किती दिवस उघडं होतं, कुठल्या पोत्यातलं होतं, काहीच कळत नाही. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते आणि त्यातल्या चरबीला खवट वास येतो.

दूध आणि दहीभात आजच बंद करा, ते हळूहळू कमी करायची गरज नाही. 'सेन्सिटिव्ह'मधून पिल्लांच्या खाण्याकडे मात्र सावकाश जा. पहिले दोन दिवस एक चतुर्थांश नवं आणि बाकी जुनं, मग दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं, मग दोन-तीन दिवस तीन चतुर्थांश, मग पूर्ण. मध्येच शी जास्त पातळ झाली तर एक पायरी मागे या आणि दोन दिवस तिथेच थांबा.

किती द्यायचं, यात बहुतेक घरं चुकतात. पिल्लू मागतं म्हणून वाटी भरतच राहतात, आणि जास्त खाण्यानेही जुलाब होतात. साडेसातशे ग्रॅमच्या पिल्लाला कोरडं खाणं दिवसाला साधारण 35 ते 40 ग्रॅम पुरतं. पाकिटावरचा तक्ता बघा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळीच दिवसाचं मोजून डबीत काढून ठेवा. त्याचे चार-पाच भाग करा, शेवटचा रात्री झोपण्यापूर्वी. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दिलं की पोटात पाणीही जातं आणि वासामुळे ती आवडीने खाते. भिजवलेलं अर्ध्या-पाऊण तासाने उरलं तर टाकून द्या, पावसाळी हवेत ते लगेच आंबतं. कोरडं खाणं मूळ पाकिटातच ठेवून ते पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. प्यायचं पाणी उकळून गार केलेलं, दिवसातून दोनदा बदललेलं. डॉक्टरांनी मांजरांसाठीची प्रोबायोटिक पावडर (पोटाला उपयोगी जिवाणूंची) दिली तर ती जरूर वापरा, काही पिल्लांना तिचा चांगला उपयोग होतो. यापलीकडे बिस्किटाचा तुकडा नाही, चीज नाही, मुलीच्या ताटातला घास नाही.

हे दोन आठवडे करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा: शी किती वेळा, पातळ, मऊ की बांधलेली, चिकटपणा होता का. दर तीन दिवसांनी वजन. शीच्या तपासणीत काही सापडलं तर त्याच्या औषधाचा कोर्स पूर्ण करा, मध्येच शी बांधली म्हणून थांबवू नका. त्या काळात लिटरचा ट्रे रोज गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. जिआर्डिया ओलाव्यात टिकतो आणि चिंगीच्या पंजांवरून पुन्हा तिच्याच पोटात जातो.

जंताचा डोस झाला, रिपोर्ट स्वच्छ आले, दोन आठवडे एकच खाणं मोजून दिलं आणि तरीही शी पातळच राहिली, तर मात्र चिंगीचं पोट नाजूक आहे असं म्हणायला आधार मिळतो. मग डॉक्टरांना पिल्लांसाठीच्या गॅस्ट्रोइंटेस्टायनल, म्हणजे पोट-आतड्याच्या त्रासासाठीच्या, आहाराबद्दल विचारा. तो चटकन पचणारा असतो आणि त्यात वाढीचं पोषणही असतं. महाग आहे, पण लहान पाकीट पुरे, कारण पिल्लू खातं किती! त्यानेही फरक पडला नाही तर ज्यातली प्रथिनं बारीक तोडलेली असतात तो हायड्रोलाइज्ड आहार आणि आणखी तपासण्या. बहुतेक पिल्लांना तिथवर जावं लागत नाही.

तुमच्या मुलीला चिंगीपासून दूर ठेवायची गरज नाही. पण गोलकृमींची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून चिंगीला घेतल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात, तिला तोंडाजवळ घ्यायचं नाही, बिछान्यात सध्या नाही. लिटर तिने साफ करायचं नाही, ते मोठ्यांनी रोजच्या रोज करायचं. चिंगीचं वजन लिहायचं काम तिला द्या, ती आनंदाने करेल.

आणि लस. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही. पार्वोची लस खरं तर सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. जुलाब चालू असताना द्यायची की थोडं थांबायचं, हे डॉक्टर तिला बघून ठरवतील. तोवर बाहेरच्या मांजरांशी तिची गाठ पडू देऊ नका, आणि पार्किंगमधून आल्यावर चपला दाराबाहेरच काढा, त्या विषाणूला तळव्यांवरून घरात यायला वेळ लागत नाही. शीची डबी घेऊन जाल त्याच दिवशी लसीचंही विचारून घ्या.